मुंगसाला बंद, वाऱ्याला उघडं

अकोला
चैत्र वद्य दशमी

चि. मधुरा हिस,


खुराड्याचे फोटो पाहिले. काम नेटकं झालंय. सहा बाय पाच फुटांत १५ कोंबड्या, म्हणजे दर कोंबडीला दोन चौरस फूट; जागेत कंजुषी केली नाहीस. जोतं चिऱ्याचं आणि दीड फूट उंच, तेही उत्तम. पण चारी बाजूंनी फळ्या ठोकल्यास, वर पत्रा घातलास, खिडकी म्हणावी तर पंजाएवढं भोक. आणि लिहितेस, ‘मामा, आता मुंगसाची काळजी मिटली.’ मुंगसाची मिटली, खरं आहे. मला काळजी वाऱ्याची आहे. आगोटीला अजून दीडएक महिना आहे, तोवर सगळं बदलता येईल. फोनवर बोललेलं अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवतोय. सुताराला वाचून दाखव.

पशुवैद्य म्हणून नोकरीची निम्मी वर्षं मी तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात काढली, उरलेली इकडे वऱ्हाडात. थंडीनं मेलेली मोठी कोंबडी मला कोकणात आठवत नाही. कोंदट हवेनं आणि ओलीनं आजारी पडलेल्या मात्र दर श्रावणात दवाखान्यात यायच्या. टोपलीत घालून आणलेल्या, डोळ्यांत पाणी, नाकपुड्या चिकटलेल्या, छातीत घरघर. घरच्यांचं म्हणणं ठरलेलं असायचं, ‘साथ आली, डॉक्टर.’ कधी खरंच राणीखेत असायची. पण बऱ्याचदा घरी जाऊन पाहावं तर खुराडं ताडपत्रीत गच्च गुंडाळलेलं, आणि दार उघडताच आपल्याच डोळ्यांना पाणी येई. पाऊस आत येऊ नये म्हणून माणसांनी प्रेमानंच केलेलं असायचं ते. त्या प्रेमानं कोंबड्या घुसमटायच्या.

बंद खुराड्यात रात्री काय घडतं ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल. मोठी कोंबडी दिवसरात्र मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. तुझ्या १५ कोंबड्यांचा हिशेब केलास तर दिवसाला लिटरभराच्या वर पाणी नुसतं विष्ठेतून येतं. त्यातलं बरंचसं रात्री, कारण रात्रभर त्या एकाच जागी बसलेल्या असतात. श्वासातून जाणारी वाफ वेगळी. कोंबडीचं अंग ४१-४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याला तापानं फणफणल्यावर असतं तेवढं तिला कायमच. इतकी ऊब आणि इतकं पाणी बंद पेटीत कोंडलं की पहाटे पत्र्याच्या खालच्या बाजूला थेंब धरतात आणि तेच खाली तुसावर टपकतात. पाऊस नसतानाही खुराडं ओलं का, हे कोडं लोकांना पडतं. ते पाणी कोंबड्यांचंच असतं.

त्यात विष्ठेतलं युरिक आम्ल. कोरड्या तुसात ते निमूट पडून राहतं. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा वायू हलका, वर जाणारा, पण तयार होतो जमिनीशी, आणि कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभरच वर. म्हणून दारात उभं राहून ‘वास काही नाही’ असं म्हणू नकोस. पहाटे दार उघडल्याबरोबर वाक, डोकं कोंबडीच्या उंचीला आण आणि मग श्वास घे. दशलक्षात २५ भागांच्या वर अमोनिया जाऊ देऊ नये असं आमचं शास्त्र सांगतं. त्यासाठी यंत्र विकत घ्यायला नको. नाकाला झोंबलं, डोळे चुरचुरले म्हणजे मर्यादा ओलांडली असं समज. आणि हे पहिल्या मिनिटातच ठरव, कारण नाक फार लवकर सरावतं. कोंबडीच्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांचं अस्तर असतं. धूळ, जंतू बाहेर ढकलण्याचं काम त्याचं. अमोनियानं ते लुळं पडतं. शिवाय पक्ष्याला फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, त्या पार पोटापर्यंत पसरलेल्या. वाईट हवा इतकी खोलवर जाते. मग सीआरडीला, म्हणजे कोंबड्यांच्या जुनाट श्वसनरोगाला, आणि राणीखेतीला दार उघडंच. लस तू वेळेवर टोचून घेशीलच, पण नासक्या हवेवर लस नाही.

तेव्हा पहिलं काम, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवरच्या फळ्या जोत्यापासून दोन फुटांपर्यंत ठेव आणि त्याच्या वरच्या सगळ्या काढ. तिथे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी बसव. तुझं खुराडं पूर्व-पश्चिम लांब आहे हे नशीब म्हणायचं. त्यामुळे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरत नाही. पश्चिमेची आखूड भिंत आहे तशी बंद राहू दे. तुमच्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, तो तिच्यावर झेलला जाईल. दक्षिणेकडे छपराची वळचण तीन फूट बाहेर काढ. तरीही वाऱ्याबरोबर झड आत येणारच. तिच्यासाठी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप वरून टांग, खालून सुटे. पाऊस धरला की सोडायचे, उघडीप मिळाली की गुंडाळून वर बांधायचे. सोडलेल्या झापाच्या वरसुद्धा वीतभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. झापातून थोडा वारा झिरपतो, ताडपत्रीतून झिरपत नाही, म्हणून मी झाप सांगतोय. ताडपत्री वापरायचीच झाली तर फक्त पश्चिमेला.

दुसरं काम छपराशी. आढ्याच्या खाली, पूर्ण लांबीत, चार-सहा इंचांची फट हवी, जाळी लावलेली, आणि तिच्यावर पन्हळीसारखं उलटं झाकण, म्हणजे पाणी येणार नाही. गरम, दमट हवा वर चढते. तिला तिथून वाट मिळाली की खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. वारा पडलेल्या रात्रीही हे चालू राहतं. बसायच्या दांड्या मात्र या वाटेच्या बऱ्याच खाली ठेव. हवा डोक्यावरून जावी, झुळूक सतत अंगावर नको. तुझ्या वनराजा कोंबड्या अंगानं जड, त्यांना दीड फुटापेक्षा उंच दांडी नको; उड्या मारून तळपायाला गाठी येतात. दांडी दोन-अडीच इंच रुंद, चपटी, आणि दर कोंबडीला सात-आठ इंच जागा.

काम झालं की एका संध्याकाळी, कोंबड्या आत बसल्यावर, पेटती उदबत्ती हातात धरून दांडीच्या उंचीला ने. धूर सरळ वर जाऊन फटीतून बाहेर पडला तर सुताराला शाबासकी दे. जागच्या जागी घुटमळला तर वाट अजून अपुरी आहे. उदबत्ती आत खोचून ठेवू नकोस, खाली तूस आहे.

आता तुझं मुंगूस. जाळीच्या भिंती म्हटल्यावर तू दचकशील. दुकानदार ‘कोंबडीजाळी’ म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी देईल, ती घेऊ नकोस. तिनं कोंबडी आत राहते एवढंच; कुत्रं ती फाडतं, मुंगूस तिला भोक पाडतं, बारकं जनावर तर सरळ आत येतं. वेल्डमेश खिळ्यांनी नुसती ठोकू नको, वरून लाकडी पट्टी घालून स्क्रूनं आवळ. जोत्याबाहेर फूटभर रुंद जाळी जमिनीत आडवी पुरून टाक, उकरणारं जनावर तिथेच थांबेल. अर्ध्या इंचाच्या भोकातून मोठा साप येत नाही, मोठा उंदीर येत नाही, आणि उंदीर कमी म्हणजे सापाला यायचं कारणही कमी. दाराला कडी नव्हे, अडसर घाल. एवढं केलंस की खुराडं मुंगसाला पूर्ण बंद आणि वाऱ्याला पूर्ण उघडं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, आपण उगाच आणतो.

छपराचं थोडक्यात सांगतो. पत्रा वैशाखात तव्यासारखा तापतो आणि ती आग थेट कोंबडीच्या पाठीवर उतरते. तो काढून कौलं घालता आली तर उत्तम, गावात जुन्या घरांची उतरवलेली मंगलोरी कौलं स्वस्तात मिळतात. जमत नसेल तर पत्र्याला चुन्याची पांढरी सफेदी दे आणि वर झावळ्यांचा जाड थर अंथर. पावसाआधी तो थर उतरव, नाहीतर कुजून पत्राही खाईल.

उन्हाळ्याबद्दल मात्र तुला इकडचं काही ऐकून तिकडे करायची खोड लागेल, म्हणून सावध करतो. अकोल्याला मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. आम्ही खिडक्यांना ओलं गोणपाट टांगतो, कुणी छपरावर तुषार सोडतो, आणि आतली हवा खरोखर पाच-सात अंशांनी उतरते. कारण इथली हवा सुकी, पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तुमच्याकडे पारा ३४-३५ला थांबतो, पण हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिथे ओलं गोणपाट टांगलंस तर थंडावा येणार नाही, वाराही अडेल आणि दमटपणा वाढेल. कोंबडीला घाम येत नाही. तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. थोडी उष्णता तुऱ्यातून, चोचीखालच्या लाल कातड्यातून आणि उघड्या पायांतून जाते, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. धापेतून पाणी उडालं तरच अंग निवतं, आणि दमट हवेत ते उडत नाही. म्हणून तुमचे ३५ अंश वरवर दिसतात तेवढे सौम्य नाहीत. तिथला उपाय सावली आणि वारा. दुपारी कोंबड्यांना फणसाखाली, आंब्याखाली सोड, खुराड्यात कोंडू नको.

चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले, एवढं दिसलं की ती उष्णतेशी झगडते आहे असं समज. मान टाकली, उभं राहवेना, तर लगेच उचलून सावलीत ने, पाय आणि पोटाचा भाग साध्या माठातल्या पाण्यात बुडव, बर्फाच्या नव्हे. दाणा पहाटे आणि ऊन कलल्यावरच दे. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते. सकाळी दहाला पोटभर खाल्लं की ती उष्णता नेमकी भर दुपारी येते. पाणी एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पिते, पण कोमट झालेलं पाणी टाळते. तेव्हा मातीची परळं सावलीत ठेव आणि दुपारी एकदा पाणी बदलच. अंड्यांची कवचं या दिवसांत पातळ होतील. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाचा चुना बनायला तोच लागतो. वर खाणंही कमी झालेलं असतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेव. जिला हव्या ती खाईल.

आता तळाचं. कोकणात खुराड्याची खरी परीक्षा आषाढात आणि तीही जमिनीवर होते. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे कोरडं तूस पावसाळ्यात विकत मिळत नाही. गिरणीत जे असतं तेही सर्द. म्हणून आत्ताच भाताच्या गिरणीतून तीन-चार पोती तूस आण, दोन दिवस खळ्यात कडक ऊन दे आणि माळ्यावर टाक. मिरची-मीठ भरशील तसं हेही आगोटीचंच सामान. रंध्याच्या छिलक्या मिळाल्या तर त्याही चालतात. करवतीचा बारीक भुसा नको, तो उडतो आणि पिलं खातात. अख्खा पेंढा तर मुळीच नको, त्याच्या चटया होतात आणि खाली बुरशी धरते. त्या बुरशीची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसात गाठी होतात, त्याला औषध जवळजवळ नाही.

तीन इंचांचा थर घाल. रोज सकाळी दाताळ्यानं उलथव. आठवड्यातून दोनदा मूठभर तूस उचलून आवळ आणि मूठ उघड. लगेच विस्कटलं, थोडंसं बोटांना चिकटलं, तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल झाली, ते काढून टाक. इतकं सुकलं की धूळ उडते, तेही बरं नाही, पण तुमच्याकडे जुलैत ती वेळ येणार नाही. दांड्यांच्या खाली एक फळी किंवा पत्र्याचा तुकडा सरकता ठेव. रात्रीची विष्ठा त्यावर पडेल, ती सकाळी खरवडून सुपारीच्या नाहीतर माडाच्या आळ्यापासून थोडी दूर, खताच्या खड्ड्यात टाक. ताजी मुळाशी घातलीस तर झाड करपेल. हे पाच मिनिटांचं काम. मला विचारशील तर सगळ्या पत्रात सर्वांत मोलाचं हेच. निम्मी ओल तुसावर पोचतच नाही.

पाण्याचं भांडं पावसाळ्यातही आत ठेवायचं असेल तर जाळीच्या चौकटीवर ठेव, खाली ताट. ओलीची सुरुवात नेहमी भांड्याच्या भोवतीच होते, आणि तिथेच पिलांची रक्ताची हगवण जन्म घेते. त्या रोगाची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ओल आणि ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात. म्हणजे ओला ठिपका रोजच्या रोज उचललास तर रोगाला वाढायला वेळच उरत नाही. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांत जास्त जप.

चुन्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. वास आला की लोक तुसावर चुना फेकतात. ओल्या, विष्ठा मिसळलेल्या तुसावर चुना पडला की अमोनिया उलट जोरानं सुटतो, कोंबड्या आत असतील तर तो त्यांच्या छातीत जातो. आधी ओलं काढ, जमीन खरवड, सुकू दे, मग मोकळ्या जमिनीवर चुना भुरभुरव आणि वर नवं तूस घाल. चुन्याची खरी जागा भिंतीवर आहे. चिऱ्याच्या भोकांत, फळ्यांच्या सांध्यांत कोंबडीची गोचीड दिवसभर लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा कोंबडी तपासलीस तर मोठी गोचीड सहसा सापडणार नाही. तुरे फिकट पडले, कोंबड्या आत जायला नाखूश झाल्या, तर रात्री बॅटरी घेऊन दांडीचे सांधे बघ. पावसाआधी सगळ्या भेगांत घट्ट चुना भरून घे.

बाहेर पागोळ्यांखाली खडी टाक, म्हणजे पाणी उसळून जाळीवर येणार नाही, आणि जोत्याभोवती चर खणून उताराला काढून दे. एका कोपऱ्यात छपराखाली राख आणि सुकी तांबडी माती ठेव. पावसाळ्यात त्यांना धुळीत लोळायला दुसरी जागा उरत नाही आणि लोळल्याशिवाय उवा जात नाहीत.

थंडीची भीती घालणारे शेजारी भेटतील. ‘पौषात गारठतील, बंद कर’ म्हणतील. रत्नागिरीची थंडी पिसांतल्या मोठ्या कोंबडीला थंडीच वाटत नाही. पहिल्या काही आठवड्यांची पिलं मात्र वेगळी, त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. त्यांना बल्ब लावून वेगळं ठेव, आणि त्यांच्यासाठी मोठ्यांचं खुराडं बंद करू नको.

खर्च वाढेल, मला कल्पना आहे. एकदम जमत नसेल तर आधी उत्तरेची बाजू आणि आढ्याची फट कर, मग दक्षिण, कौलं पुढच्या वर्षी. तूस मात्र याच आठवड्यात आण, ते थांबण्याजोगं नाही. आणि मिरगानंतर पहिले पंधरा दिवस रोज पहाटे न चुकता आत वाकून वास घे. झोंबला तर मला फोन करण्यात वेळ घालवू नको, आधी झाप वर बांध आणि ओलं तूस बाहेर काढ.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा